शुक्रवारचा बांगडा

शनिवारी सकाळी गुणाजी परबला कळलं, की त्याची बायको गुरुवारीच गेली.

सांगायला मेव्हणा आला होता, लवू. रात्रभर गाडीत बसून मालवणहून लालबागच्या चाळीत आलेला. तोंडही न धुता तो दारात उभा राहिला आणि त्याच्या मागे गॅलरीत अख्खा मजला उभा. शेजारचा राजेश, कोपऱ्यावरची शांताकाकी, बाकीची बायामाणसं. सगळ्यांनी चेहरे आधीच तयार करून आणलेले. लवू म्हणाला, "भावजी, ताय आता नाय."

प्रमिला तेव्हा जपानात होती, योकोहामाला, लेकीच्या बाळंतपणाला. गुरुवारी सकाळी तिने बाळाला अंघोळ घातली, पुसलं, दुपट्यात गुंडाळून अक्षताच्या हातात दिलं, पाटावरून उठली आणि तिथेच कोसळली. डोक्यातली शीर फुटली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता.

गुणाजीने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "ती गुरुवारी गेली. मग काल मी काय केलं?"

सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यालाही.

काल म्हणजे शुक्रवारी दुपारी शांताकाकीने त्याला बांगड्याचं कालवण आणून दिलं होतं. दोन तुकडे आणि वर डोकं, त्याला आवडतं म्हणून. त्याने ते डोकं चोखून चोखून खाल्लं होतं आणि ताट परत देताना मीठ कमी पडलं म्हणून ऐकवलंही होतं. संध्याकाळी राजेश कॅरम घेऊन आला. राजेश म्हणजे चाळीचा चॅम्पियन, मंडळाच्या स्पर्धेत त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो काल गुणाजीशी हरला. एकदा नाही, लागोपाठ. गुणाजी त्याला म्हणाला होता, "काय रे, बायकोने हात मुरगळला काय?" आणि गॅलरीतले सगळे हसले होते. माहीत असून हसले होते.

अक्षताने राजेशला फोन करून सांगितलं होतं, की बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, बाबा एकटे आहेत, लवूमामा पोचेपर्यंत त्यांना कळू देऊ नका. राजेशने ते मजल्यावर सगळ्यांना सांगितलं, कोणाच्या तोंडून निसटू नये म्हणून. मध्ये गुणाजीने प्रमिलाच्या मोबाइलवर फोन केला, तर अक्षताचा मेसेज आला, आई झोपलीय.

शांताकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली, "मासे बंद केले असते तर तुका संशय इलो असतो रे. म्हणान केलंय. आमी कोणी तोंडाक लावूक नाय."

म्हणजे त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर एकाच माणसाने मासे खाल्ले, आणि तो मेलेल्या बाईचा नवरा होता.

हे गुणाजीच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. जन्मभर त्याने बेस्टची बस चालवली होती. परळच्या पुलावर कोणी आडवा घुसला की खिडकीतून बाहेर येऊन तो त्याचं खानदान काढायचा, आणि पुढच्या स्टॉपपर्यंत सगळं विसरायचा. त्याचा राग असाच होता, दुधासारखा, वर आला की खाली बसायचा. हा राग खाली बसला नाही.

प्रमिला निघाली तेव्हा त्यालाही चल म्हणाली होती. बाळंतपणात माझं काय काम, असं म्हणून त्याने पासपोर्टच काढला नव्हता. आता जायचं म्हटलं तरी जाता येईना, आणि तिला इकडे आणायचं तर कागदपत्रांत बरेच दिवस जातील, असं जावई हितेंद्र म्हणाला. तिथेच उरकायचं ठरलं. पण गुणाजीने फोनवर अक्षताला बजावलं. अस्थी तिथल्या पाण्यात टाकायच्या नाहीत. मी येईन आणि घेऊन जाईन. तिला तिच्या माहेरच्या खाडीत सोडायची, तिने मला तसं सांगून ठेवलंय. "तू त्यांना हात लावलास तर पुन्हा माझं तोंड बघायचं नाही."

अक्षता म्हणाली, "ठेवते, बाबा."

दहावं, तेरावं बाणगंगेवर झालं. अस्थी नव्हत्या, म्हणून भटजींनी दर्भावर भागवलं. गवताची काडी पुढ्यात ठेवून हीच तुमची पत्नी समजा म्हणाले. गुणाजीने समजायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्याला खरी प्रमिला हवी होती, जेवढी उरली असेल तेवढी.

लवू सांगायला आला त्याच शनिवारी आणखी एक गोष्ट ठरली होती. प्रमिलाची आई गावाला लवूकडे असते. पंच्याऐंशी उलटलेली, कमरेत वाकलेली, पण कान तिखट. सगळे तिला आये म्हणतात. लवू म्हणाला, "आयेक कळला तर ती एका दिसात जातली." गुणाजी म्हणाला, मग नको सांगू. तेव्हापासून दर रविवारी लवू फोन लावून आयेच्या हातात द्यायचा आणि ती विचारायची, "जावयबापू, प्रमी कधी येतली?" गुणाजीने आधी व्हिसा वाढवलाय म्हणून सांगितलं, मग पावसाळा, मग नातीचे दात, मग तिथली थंडी. याला तो लपवणं म्हणायचा नाही. ती म्हातारी आहे, तिची गोष्ट वेगळी.

चाळीतल्या बाकीच्यांशी त्याने वर्षभर धड वागणं ठेवलं नाही. मासे सोडले. राजेश कॅरमचा बोर्ड गॅलरीत मांडायला लागला की हा दार लावून घ्यायचा. राजेश त्याचा गॅसचा सिलिंडर वर चढवून द्यायचा, तेव्हाही हा त्याच्याकडे बघायचा नाही. शांताकाकी जिन्यात भेटली तर कडेने जायचा. एकदा ती म्हणाली, "किती दिवस रे?" तो म्हणाला, "मीठ कमी होतं."

वर्षश्राद्धाच्या आधी त्याने जायचं ठरवलं. पासपोर्ट आला, हितेंद्रने तिकीट पाठवलं. ठाकूरद्वारच्या दुकानातून त्याने झाकणाचा तांब्याचा कलश घेतला, दादरहून लाल कापड. लवूने खाडीत होडी सांगून ठेवली. पहाटेच जाऊ, आये उठायच्या आत उरकू, म्हणाला. निघताना मजल्यावरचे सगळे टॅक्सीपर्यंत आले आणि राजेश म्हणाला, "काका, काकींना सांभाळून आणा." वर्षात पहिल्यांदा गुणाजीने त्याच्याकडे मान हलवली.

योकोहामाला लेकीचं घर लहान होतं, चाळीतल्या खोलीला भिंत घातल्यासारखं. चपला काढता काढता त्याने विचारलं, "कुठे ठेवल्यात?"

"बाबा, आधी चहा घ्या."

चहा झाल्यावर विचारलं, तर त्या एका देवळात ठेवल्यात असं कळलं. इथे माणसं तसं ठेवतात, हितेंद्र म्हणाला. सुट्टीच्या दिवशी जाऊ. गुणाजी थांबला. नात रांगत येऊन त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, पण त्याचं लक्ष कपाटांकडे असायचं, खिडकीकडे असायचं. प्रमिला ज्या न्हाणीघरात पडली तिथे अंघोळीला उभं राहताना तो दार उघडं ठेवायचा.

सुट्टी आली. त्याने धुतलेला शर्ट घातला, कलश लाल कापडात बांधून पिशवीत घेतला. अक्षताने पिशवीकडे बघितलं. गाडी बदलून ते जिथे उतरले तिथे देऊळ नव्हतं. तिथे समुद्राच्या कडेने एक शहर मांडून ठेवलं होतं. आभाळाला टेकलेल्या काचेच्या इमारती, तारेवरून डोक्यावरून जाणारे पेटीएवढे डबे, धक्क्याला बांधून ठेवलेलं जुनं शिडाचं जहाज, आणि मध्ये एवढा मोठा आकाशपाळणा, की त्याच्या पोटात घड्याळ बसवलेलं. मिनातो मिराई म्हणतात याला, हितेंद्र म्हणाला. माणसं नटूनथटून फिरत होती. एक बाई बाबागाडी ढकलत होती, गुणाजीने सवयीने वाकून आत बघितलं तर आत स्वेटर घातलेला कुत्रा.

"देऊळ कुठेय?" त्याने विचारलं.

"जरा फिरू ना बाबा आधी," अक्षता म्हणाली आणि त्याचा मफलर नीट केला.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोच्या अस्थी न्यायला आलेल्या माणसाला हे लोक जत्रा दाखवतायत. पण परक्या देशात, परक्या भाषेत, कुठे जायचं ते माहीत नाही, म्हणून तो त्यांच्या मागून चालत राहिला. हितेंद्र सगळं समजावून सांगत होता. ही लाल विटांची गोदामं बघा, बंदराची होती, बोटीतला माल इथे उतरायचा, आता आत दुकानं आहेत. गुणाजीने आत बघितलं. केक होते, पिशव्या होत्या, साबण होते. त्याच्या बापाने परळच्या गिरणीत जिथे साचे चालवले तिथे आता कॉफी मिळते, तसंच हे.

"हमाल कुठे गेले?" त्याने विचारलं.

"कुठले हमाल?"

"माल उतरवायचे ते."

हितेंद्रला ते माहीत नव्हतं. त्याने आईस्क्रीम आणलं. दात वाजत होते, समुद्रावरून बोचरा वारा येत होता, आणि हा आईस्क्रीम घेऊन आला. अक्षताने पुन्हा मफलर नीट केला. गुणाजी म्हणाला, ही तुमची जागा म्हणजे श्रीमंतांची चौपाटी आहे, दुसरं काही नाही. एरवी बापाला एका वाक्यात दोन उत्तरं देणारी मुलगी, ती म्हणाली, "हो बाबा."

तेव्हा त्याला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

पाळण्याच्या पायथ्याशी खेळांचं एक मोठं दालन होतं, नुसता गोंगाट आणि दिवे. हितेंद्रने त्याला एका टेबलापाशी उभं केलं. गुळगुळीत टेबल, त्यावर वाऱ्यावर तरंगणारी चकती, हातातल्या दांड्याने ती समोरच्याच्या खाचेत मारायची. तुम्ही कॅरम खेळायचात ना बाबा, या, एक डाव. गुणाजी नको नको म्हणत उभा राहिला. हितेंद्र तरणाबांड माणूस, ऑफिसच्या टीममधून बॅडमिंटन खेळणारा. गुणाजीने चकती ढकलली. ती सरळ, सावकाश, बैलगाडीसारखी निघाली. हितेंद्रचा हात तिच्या आड आला होता. आणि तो हात, चकती पोचायच्या जरा आधी, मागे गेला.

"वा बाबा," हितेंद्र म्हणाला.

गुणाजीला गॅलरी दिसली. राजेशचा हात दिसला, राणीवरून मुद्दाम सटकलेला स्ट्रायकर दिसला. तोंडात बांगड्याची चव आली. त्याने दांडा टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

पाळण्याची तिकिटं अक्षताने आधीच काढलेली होती. काचेची एक केबिन आली, तिघं आत बसले, बाळ अक्षताच्या छातीशी बांधलेलं, झोपलेलं. बाहेरच्या माणसाने वाकून नमस्कार केला आणि बाहेरून दार लावलं.

जमीन खाली जायला लागली तेव्हा गुणाजीने विचारलं, "आता कोण मेलं?"

बाळ उठू नये म्हणून त्याने हळू विचारलं. हळू बोलल्यामुळे ते जास्तच वाईट ऐकू आलं.

"असं काय बोलता बाबा, कोणी नाही," अक्षता म्हणाली.

"मग काय लपवताय? आईस्क्रीम देता, मफलर बांधता. हा डावात हरतो. मुद्दाम हरलेला माणूस मी ओळखतो. एकदा फसलोय."

हितेंद्रने अक्षताकडे बघितलं. ती खाली, बाळाच्या टाळूकडे बघत होती. मग तिने सांगितलं. आई देवळात नाही. कुठेच ठेवलेली नाही. दहाव्या दिवशीच बोटीतून नेऊन सोडली, इथल्याच समुद्रात. हे सांगायला म्हणूनच तुम्हाला इथे आणलं. वरून ती जागा दिसते.

गुणाजीने काचेवर हात मारला. केबिन जराशी हलली, बाळाने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपलं.

अक्षता सांगत राहिली. आपल्याकडे राख होते, बाबा, इथे तशी होत नाही. हाडं राहतात, अख्खी. ती आम्ही दोघांनी लांब काड्यांनी उचलून मडक्यात भरली, पायापासून डोक्यापर्यंत, इथे तशी पद्धत आहे. ते मडकं कपाटात होतं, बाळाच्या लंगोटांच्या शेजारी, दुसरी जागाच नव्हती. समुद्रात सोडायची तर आधी बारीक करून घ्यावी लागतात.

"बारीक म्हणजे?"

"पूड."

"तुझ्या आईची पूड केलीस?"

"हो," ती म्हणाली. "मला ते मडकं घरात ठेवून बाळाला पाजता येत नव्हतं. दूध आटलं होतं माझं."

"मला विचारायचं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणालाच होतात. तोंड बघू नकोस म्हणालात. आई गेली होती बाबा, आठ दिवस झाले नव्हते. मला वाटलं आता तुम्हीपण जाल."

"म्हणून वर्षभर खोटं बोललीस. मी तिकडे कलश घेतला, लवूने होडी सांगितली, सगळी चाळ मला सोडायला खाली आली. सगळ्यांना सगळं माहीत असतं, मलाच नसतं. मला बांगडा खायला घालता. मी काय ही पोर आहे, खुळखुळा वाजवला की गप्प बसेन? माझी बायको होती ती. माझं माणूस मेलं तर मला आधी सांगा. ज्याचं मेलंय त्याला आधी सांगायचं असतं, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

अक्षताने पहिल्यांदा मान वर केली.

"आणि आजीला तुम्ही काय सांगता, बाबा?"

केबिन जवळजवळ वर पोचली होती. खाली ते सगळं, गोदामं, जहाज, माणसं, पोराने पसरून ठेवलेल्या खेळण्यांएवढं झालं होतं.

"ती गोष्ट वेगळी," गुणाजी म्हणाला.

"कशी?"

"ती ऐकून मरेल."

"आम्हालाही तुमच्याबद्दल तसंच वाटलं होतं."

गुणाजीचा राग कमी झाला नाही, उलट वाढला, फक्त तो कोणावर काढायचा ते कळेना.

कोणीतरी काही बोलायला हवं म्हणून हितेंद्र म्हणाला, "आई पण बसल्या होत्या या पाळण्यात, बाळ व्हायच्या आधी. मीच घेऊन आलो होतो. बसल्यापासून उतरेपर्यंत डोळे घट्ट मिटून होत्या. माझं मनगट धरून."

गुणाजीने त्याच्याकडे बघितलं. "मला फोनवर म्हणाली, सगळा समुद्र दिसला. बोटी दिसल्या, पूल दिसला."

"त्यांनी काहीच बघितलं नाही. घरी आल्यावर मला विचारून घेतलं काय काय दिसतं ते, आणि मग तुम्हाला फोन लावला."

त्या शनिवारपासून गुणाजी सगळ्यांवर रागावला होता, पण प्रमिलावर नाही. आता तिचाही राग आला. ती आत्ता समोर असती तर तो तिला म्हणाला असता, तू पण? आणि ती म्हणाली असती, घाबरले म्हटलं असतं तर तुम्ही परत बोलावलं असतंत. म्हणाली असती, नक्की.

"तिथे," हितेंद्र बोट दाखवत होता. "तो पूल दिसतो ना, त्याच्या पलीकडे."

गुणाजीने बघितलं. राखाडी पाणी होतं, एक मालवाहू जहाज होतं. दाखवण्यासारखं काही नव्हतं. तरी केबिन खाली येऊन पूल इमारतीआड जाईपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.

खाली उतरल्यावर हितेंद्रने हळूच विचारलं, कलशात इथलं पाणी भरून घ्यायचं का. गुणाजी म्हणाला, "पाणी लालबागला नळाला येतं."

उरलेले दिवस तो लेकीशी कामापुरतंच बोलला. विमानतळावर तिने पायांना हात लावला तेव्हा त्याने तो लावू दिला, आणि नातीला घेतलं, थोडा वेळ.

लालबागला टॅक्सी थांबली तेव्हा मजला पुन्हा खाली आला होता. राजेशने दोन्ही हात पुढे केले, पिशवी घ्यायला. गुणाजीने ती त्याच्या हातात दिली आणि तिथेच, रस्त्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की कलश रिकामा आहे. प्रमिला तिकडच्या समुद्रात आहे. लेकीने वर्षापूर्वीच सोडली आणि मला सांगितलं नाही. झालं. आता कोणी विचारायचं नाही आणि कोणी आपसात कुजबुजायचं नाही. मग तो जिना चढून वर गेला.

लवूला फोन करून होडी नको म्हणून सांगितलं. लवू म्हणाला, "बरा झाला एका अर्थी. आयेपासून लपवन करूचा, म्हणजे..." गुणाजी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडला, की शांताकाकी दारात आली. पुरे झालं लपवणं, तो म्हणाला, म्हातारीला सांग. तिची मुलगी मेलीय.

"माझ्यान नाय होवचा," लवू म्हणाला. "तुमीच सांगा."

"सांगतो. रविवारी लाव फोन."

शुक्रवारी शांताकाकीने दाराबाहेरूनच विचारलं, बांगडा केलाय, देऊ का. गुणाजीने विचारलं, "तू खाणार आहेस?"

"हो तर."

"मग इथे घेऊन ये तुझं ताट."

ती ताट घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून जेवली. तो तिचा एकेक घास बघत होता. मग तो जेवला. मीठ या वेळी जास्त होतं आणि त्याने तसं सांगितलं.

रविवारी फोन आला. गुणाजीने आधीच खुर्ची खिडकीशी घेतली होती, काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून झालं होतं. लवूने फोन आयेला दिला. तिचा श्वास ऐकू आला, मग कोंबड्यांना हाकलणं, मग ती.

"जावयबापू, तुमी जावन इलात म्हणे थंय. प्रमी बरी आसा?"

"आये," गुणाजी म्हणाला.

"थंडी कमी झाली काय थंयची?"

गॅलरीत राजेश कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकत होता. पलीकडे लवू श्वास रोखून उभा असणार हे गुणाजीला दिसत होतं.

"नाय, आये," तो म्हणाला. "अजून आसा."

त्याला आता बरेच रविवार झाले. कलश फळीवर आहे, लाल कापडातच. प्रमिलाच्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही.